पेटीतला शॉवर

७ सप्टेंबर, रविवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी ठेवायला सांगितली. हिचं, म्हणजे बायकोचं, खाणं, झोप, चालणं, कुठे अडखळली, कधी दम लागला, सगळं तारीखवार लिहायचं आणि महिन्याने नेऊन दाखवायचं. तर आजचं: नाश्ता निम्मा टाकला. अंगणात दोन फेऱ्या झाल्या, काठी न घेता. झाली नोंद. पान मात्र अख्खं उरलं. अडतीस वर्षं प्लंबरचं काम केलं, काही वाया घालवायची सवय नाही, म्हणून बाकीचंही लिहितो.

हिच्या स्नायूंचं दुखणं उन्हाळ्यात कळलं. पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं. कोणाचं सावकाश चढतं, कोणाचं भराभर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिचं सावकाशच चढणार. बाहेर जायला तयार व्हायलाच हिला तास लागतो.

आज जेवताना ही म्हणाली, "एकदा तळ्यावर जाऊन येऊ या. पेटी घेऊन."

पेटी म्हणजे आमची घडीची ट्रेलरगाडी. मिटली की कमरेएवढा डबा, गाडीच्या मागे जोडायचा. उघडली की छत वर, दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या भिंती, आत दोन पलंग, एक शेगडी आणि कोपऱ्यात पडदा लावलेला शॉवर. लेक आठ वर्षांची असताना घेतली. तळं इथून सहा तासांवर. दर वर्षी जायचो. गेली पाच वर्षं पेटी शेडमध्ये पडून आहे.

मी म्हटलं, जाऊ की. तर म्हणते, "फक्त तो तुमचा शॉवर! त्याच्याखाली उभं राहण्यापेक्षा कोणी अंगावर चूळ टाकलेली बरी."

हसलो, पण लागलं. सगळ्या गावाचे नळ नीट केले आणि स्वतःच्या बायकोला इतकी वर्षं असल्या पिचकारीखाली उभं केलं. ठरवून टाकलं. आधी शॉवर, मग तळं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पेटी अंगणात ओढून उघडली. उंदरांनी एक उशी खाल्ली आहे, बाकी ठीक. शेजारचे मास्तर (शाळेतून निवृत्त झाले तरी तपासणी सुटत नाही) कुंपणावरून बघत होते. "काय हो, पळून जायचा बेत दिसतोय. या वयात?" मी म्हटलं, बायकोलाच घेऊन पळतोय, तक्रार कोण करणार?

ही माझ्या खांद्यावर हात ठेवून आत चढली. पलंगावर बसली, खिडकीची ताडपत्री गुंडाळून वर केली, आणि म्हणाली, "शुक्रवारी निघू या."

"शुक्रवारी? आणि आंघोळीचं काय?"

"तांब्याने घेईन. नाहीतर आख्खं तळं आहेच समोर."

तिला समजावलं. पंप मरतुकडा आहे, हिटर एकदा पोळवतो, एकदा गारठवतो, पडदा अंगाला चिकटतो, पाण्याचा निचरा होत नाही. चार दोष आहेत, चारही काढायचे. अर्धवट काम टाकून मी कुणाच्या घरातून बाहेर पडलेलो नाही, स्वतःच्या पेटीतून कसा पडू? ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं आमच्या अंगणात काही नाही. मग म्हणाली, "बरं. होऊ द्या तुमचं."

उतरताना तिचा पाय थरथरला. पायरीवर धूळ होती, निसरडी झाली असणार. पुसून काढली.

१४ सप्टेंबर, रविवार

जुना पंप काढला. पंपाच्या आतला रबरी पडदा जीर्ण. नवा मागवला, शिवाय एक छोटी दाबाची टाकी, म्हणजे धार धडधडत न येता सलग येईल.

लेकीचा फोन. तिकडे दुसऱ्या शहरात नोकरी, दर रविवारी आईशी बोलते. आज नंतर माझ्याशीही बोलली. "बाबा, आईचा आवाज बारीक वाटतो." फोनमध्येच दोष आहे, खरखर मलाही ऐकू येते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी ही घरच्या बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. लागलं नाही. (डॉक्टरीणबाईंसाठी नोंद.) आता नर्सबाई आठवड्यातून दोनदा येऊन अंग पुसून देतील. बाथरूममधला नळही गळतोय, तो बघायचाय. सध्या हात मोकळे नाहीत.

पंप आला! दुपारीच बसवला. अशी धार लागली की समोरच्या ताडपत्रीवर आपटून माझ्या चष्म्यावर आली. हिला ओरडून सांगितलं. ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, आवाज काही येत नव्हता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पडद्याची जुनी खोड म्हणजे गरम पाणी सुरू झालं की आत ओढला जातो आणि ओल्या अंगाला मिठी मारतो. उपाय दोन. वरचा दांडा बाहेर वाकवायचा आणि खालच्या दुमडीत साखळी शिवून टाकायची, म्हणजे वजनाने जागेवर राहील. दांडा मी वाकवला. शिवणाचं काम हिने मागून घेतलं. हिच्या हातचे कपडे लेक कॉलेजात जाईपर्यंत घालत होती, शिवण कशी ती बघत राहावी.

दोन तास लागले तिला. टाके एकेक बोट लांब आणि शिवण पार वाकडी. साखळी एका बाजूने बाहेरच आलेली. ती आत जाऊन पडल्यावर मी सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं. संध्याकाळी तिने पडदा हातात घेऊन पाहिला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "छान झालंय." तिला कळलं नाही बहुतेक.

१ ऑक्टोबर, बुधवार

आता बसायचं फळकूट. उभं राहून आंघोळ तिला झेपणार नाही, एवढं मलाही कळतं. भिंतीला बिजागरी लावून घडीचं करायचं, म्हणजे पेटी मिटायला अडचण नाही. खुर्चीत बसवून तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. मग तिथून डोक्यापर्यंत, म्हणजे शॉवरची तोटी बरोबर त्याच उंचीवर. हे सगळं एका माणसाच्या मापाचं होणार. असं काम लोकांकडे कधी करायला मिळालं नाही.

म्हटलं, जरा आत येऊन बसून बघ. "आज नको," म्हणाली. काल पण नकोच होतं. अंगणात खुर्ची टाकून तासन्‌तास माझ्याकडे बघत बसते, पण आत डोकावून बघायला तयार नाही. इतका खपतोय, आणि हिला कौतुक नाही. जरा रागच आला.

६ ऑक्टोबर, सोमवार

वही दाखवायला गेलो. हिला चाकाच्या खुर्चीतून नेलं, तिथली फरशी फार गुळगुळीत आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग भराभर उलटली. "यात पंप आहे, हिटर आहे. बाई कुठे आहेत?" मला कानकोंडं झालं. ही हसून म्हणाली, "मी आहे की. कंसात आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला बाहेर घेऊन म्हणाल्या, कुठे जायचं असेल तर आता जाऊन या. मी म्हटलं, तेच चाललंय. दोनच कामं राहिली आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेक आली, दोन दिवसांसाठी. हवा गार झाली आहे. मी तोटीची नळी कापत होतो. माप घ्यायचं आणि तिथल्या तिथे कापायचं, एक बोट जास्त नाही. लोक चार-चार हात लोंबत्या नळ्या ठेवतात, बघून डोकं उठतं.

लेकीला सगळं दाखवलं. नवा पंप, बसायचं फळकूट, गरम-गार पाणी आपोआप मिसळणारी तोटी यायची आहे तीही सांगितली. ती हूं हूं करत होती. मग खाली उतरली आणि दाराच्या पायरीपाशी उभी राहिली. वीत लावून पायरी मोजली. पुन्हा मोजली. काय बघत होती कोण जाणे.

जेवताना एकदम म्हणाली, "बाबा, शॉवर राहू द्या. उद्याच निघू. मी रजा वाढवते. आपण दोघं मिळून आईला उचलून ठेवू."

"उचलायला ती काय सामान आहे? पुढच्या रविवारी सगळं तयार असेल, तेव्हा जाऊ. इतके दिवस केलं, आठ दिवसांसाठी का नासवायचं?"

"तुम्ही आईला विचारलंत?"

मी हिच्याकडे बघितलं. घास तोंडात फिरवत होती, हल्ली गिळायला वेळ लागतो. गिळला आणि म्हणाली, "होऊ दे गं त्यांचं. इतकं मनापासून करतायत." लेक ताट घेऊन उठून गेली. तिचा तापटपणा माझ्यावर गेला आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

झालं! सगळं झालं!

टाकी भरली, हिटर पेटवला, थर्मामीटर धरला. एक्केचाळीस. पाच मिनिटांनी एक्केचाळीस. नऊ मिनिटांनीही एक्केचाळीस, मग टाकी संपली. पडदा जागेवर उभा, शहाण्यासारखा. खाली दोन कोपऱ्यांत दोन भोकं पाडली आहेत, पेटी कुठल्याही अंगाला कललेली असो, पाणी साचत नाही. एकच उणीव: बाहेर निघालेलं पाणी जोडातून गळून दाराच्या बाजूला अंगणात पसरतं, थेट हिच्या खुर्चीखाली. उद्या जोड बदलतो. तळ्यावर बादली ठेवली तरी चालेल.

मास्तरांना बोलावून दाखवलं. त्यांनी हात पाण्याखाली धरला आणि धरूनच ठेवला. "आमच्या घरी असं नाही हो येत," म्हणाले. मास्तरांकडून पहिल्यांदाच पास झालो.

गाडी आता उन्हात दोन दिवस वाळवायची आणि मग मिटायची. दारावर मी केव्हाच रंगवून ठेवलं आहे: ओली मिटायची नाही. ओली मिटली की आठवड्यात बुरशी धरते आणि ताडपत्री कामातून जाते. एकदा तळ्यावर पाऊस थांबेना, तर याच नियमापायी मी दोन दिवस उशिरा निघालो होतो. लेकीची शाळा बुडली, पेटी वाचली.

पण मिटायच्या आधी एकदा हिची आंघोळ. इथेच, अंगणात. चाचणी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

दुपारी ऊन चांगलं होतं. हिटर तयार. खुर्ची दारापाशी नेली. ही खांद्यावर टॉवेल घेऊन तयार होती, केससुद्धा सोडले होते. मी आत उभा राहून हात दिला. म्हटलं, चढ. तिने दाराची चौकट धरली. पाय उचलला. पाय दोन बोटं वर आला आणि खाली टेकला. म्हटलं, उचल. पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्याने म्हणालो, "अगं, उचल ना!" तेव्हा ती म्हणाली, "नाही हो उचलत."

मग मी खाली उतरून तिला उचलायला गेलो. दार वीस इंचांचं. तिला घेऊन मी आडवा मावत नाही, उभा मावत नाही. एकदा तिची पावलं चौकटीवर आपटली, एकदा माझं डोकं. ती "पुरे, पुरे" म्हणत होती. वजन काहीच नव्हतं तिचं. माझ्या हत्यारांच्या पेटीला याहून जास्त वजन आहे. खुर्चीत परत बसवलं तेव्हा मी धापा टाकत होतो आणि तीच माझी पाठ चोळत होती, जेवढा हात वर येतो तेवढी.

पायरी मोजली. जमिनीपासून अठरा इंच. टाकीतून पंप, पंपातून हिटर, हिटरमधून हिच्या डोक्यावर, पायांखालून बाहेर, पाण्याचं एकेक वळण माझ्या डोक्यात होतं. ही त्या दारातून आत कशी जाणार, हे सहा आठवड्यांत एकदाही मनात आलं नाही. प्लंबर माणूस. पाणी आत कसं येतं एवढंच बघितलं. लेकीने एका मिनिटात बघितलं होतं.

नऊ सप्टेंबरचं पान काढून वाचलं. तेव्हा चढली होती. खांद्यावर नुसता हात ठेवून.

२२ ऑक्टोबर, बुधवार

नर्सबाईंना निघताना फाटकापर्यंत सोडायला गेलो. विचारलं, सहा तास गाडीत बसवून नेता येईल का? त्यांनी मान हलवली. आता तास-दीड तासही बसवत नाही, मान सावरत नाही. मग म्हणाल्या, "तुम्हाला राग येणार नसेल तर एक सांगते. मी त्यांना गेल्या महिन्यातच म्हटलं होतं, नवऱ्याला सांगा, पायरी जमणार नाही. तर म्हणाल्या, 'नको. त्यांना दुरुस्त करायला काहीतरी हवं असतं. मी काही दुरुस्त होत नाही. गाडी तरी होऊ दे.'"

राग कसला येणार? फाटकाची कडी लावली. ती ढिली झाली आहे, हे लक्षात आलं, आणि तिथेच मला रडू फुटलं. मास्तर त्यांच्या अंगणात होते, ते आत निघून गेले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रभर विचार करून एक काढलं होतं: खिडकीची ताडपत्री वर करायची, शॉवरची नळी बाहेर काढायची आणि हिला खुर्चीतच आंघोळ घालायची. नळी ओढली. चौकटीपाशी येऊन संपली. दीड हात कमी. एक बोट जास्त नाही अशी कापली होती ना मी. दुसरी आणतो म्हटलं, तर ही म्हणाली, "आता आणि काही आणू नका. हवा गार आहे, मला नाही सोसायची."

मग म्हणाली, "तुम्ही घ्या आंघोळ. मी इथे बसून ऐकते."

"मी काय घेऊ? सगळं तुझ्या मापाचं आहे."

"मग बसून घ्या. मी कशी बसले असते ते कळेल तुम्हाला."

दोन ब्लँकेटं गुंडाळून तिला दारापाशी बसवलं आणि आत गेलो. तोटी माझ्या छातीशी येते. फळकुटावर बसलो, गुडघे हनुवटीला लागले. पाणी सोडलं. इतक्या वर्षांत इतका चांगला शॉवर मी कुणाच्याच घरी बसवला नव्हता. मी तिथे साबण हातात धरून नुसता बसून राहिलो. मध्येच बटण दाबून पाणी थांबवलं, तर बाहेरून बारीक आवाज आला, "डोकं नाही धुतलंत अजून."

"तुला काय माहीत?"

"आवाजावरून कळतं. डोक्यावर पडतं तेव्हा वेगळं वाजतं. आत्ता नुसतं पाठीवर घेत होतात. कान धुवा."

डोकं धुतलं. कान धुतले. ती बाहेरून सांगत होती, आता मान खाली घातलीत, आता वळलात. एकदाही चुकली नाही. टाकी संपेपर्यंत नऊ मिनिटं.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि कपाळावर हात मारला. जोड बदलायचा राहिलाच होता. सगळं पाणी अंगणात, खुर्चीखाली, तिच्या सपाता भिजून चिंब. पुसायला धावलो तर म्हणाली, "थांबा. राहू द्या. गरम आहे." डोळे मिटून बसली होती. "तुमचा सगळा मळ माझ्या पायांवर. लग्नातसुद्धा नाही धुतलेत माझे पाय, आज धुतलेत." मी खाली बसून तिची पावलं धरली. पाणी निवेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

जोड बदलला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

खाणं: दोन चमचे. झोप: बसूनच, आडवं झालं की श्वास लागतो. आवाज नाही, ओठांवरून समजून घ्यायचं. लेक कालपासून इथेच आहे. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. वही मी आपणहून दाखवली नाही, त्यांनीही मागितली नाही.

बाथरूममधला नळ दुरुस्त केला. पाच मिनिटांचं काम होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सव्वासातला गेली. लेकीच्या हातात एक हात होता, माझ्या हातात एक.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेक म्हणते तिच्याकडे चला. बघू म्हटलं. पेटीचं काय करायचं, तेही विचारलं. मास्तरांच्या ओळखीचं कोणी आहे, लहान मुलं असलेलं जोडपं, त्यांना हवी आहे. मी म्हटलं, मिटून ठेवतो, घेऊन जा म्हणावं.

दुपारी लेक बाजारात गेली तेव्हा टाकी भरली. हिटर पेटवला. पाणी सोडलं आणि बाहेर येऊन हिच्या खुर्चीत बसलो. पाणी पडत होतं. कान देऊन ऐकलं. आधी वाटलं, मलाही कळेल काहीतरी. पण आत कोणी नसलं की पाणी एकसारखंच पडतं. डोकं नाही, पाठ नाही, वळणं नाही. नऊ मिनिटं एकच आवाज. सपाता भिजल्या, पण हवा इतकी गार होती की पाणी पायांपर्यंत येईतो निवलेलं होतं.

मग उठलो. पडदा काढला, त्याची साखळी तशीच ठेवली. फळकूट भिंतीला मिटवलं. ताडपत्रीवर आतून पाणी ओघळत होतं. फडकं हातात घेतलं होतं, ते परत खिळ्याला लावलं. पलंग आत सारले, छत खाली घेतलं, कड्या लावल्या.

पेटी मिटली. ओलीच.